आगीतून पाण्यात : मृत्तिका-पदार्थ अचानक तापबदल कसे सोसतात?

पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा एखादा थेंब उडतो आणि काच तडकते. हिवाळ्याच्या सकाळी गारठलेल्या जाड काचेच्या पेल्यात उकळते पाणी ओतताच पेल्याचा तळ निखळून पडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत स्टोव्हवरून उतरविलेले चंचुपात्र ओल्या फरशीवर ठेवले जाते आणि त्याचे दोन तुकडे होतात. याउलट, खानदेशात मांडे भाजण्यासाठी चुलीवर पालथे घातलेले मातीचे खापर तासन्‌तास ज्वाळांवर असते. त्यावर वारंवार ओलसर, थंड मांडा पसरला जातो. तरीही ते वर्षानुवर्षे टिकते. काच, चिनी माती, वीट आणि खापर हे सारे पदार्थ मूळचे मातीच्या व वाळूच्याच कुळातील. मग एकाच आघाताने एक फुटतो आणि दुसरा तगतो, असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पोलादाच्या कारखान्यात वितळलेला रस वाहून नेणारी नळी, मोटारीच्या इंजिनातील स्पार्क प्लग, विजेच्या खांबावरील विसंवाहक, अंतराळातून परतणाऱ्या यानाचे कवच आणि खेड्यातील सुधारित चूल या सर्वांचे आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. शाळेतील मुलांच्या डोळ्यांची आणि हातांची सुरक्षितताही त्याच्याशी निगडित आहे. तापमानातील अशा अचानक बदलामुळे पदार्थावर जो ताण येतो, त्यास शास्त्रीय परिभाषेत ‘औष्णिक आघात’ असे म्हणतात.

तडा का जातो?

बहुतेक सर्व पदार्थ तापले की प्रसरण पावतात आणि निवले की आकुंचन पावतात. एखादी वस्तू हळूहळू आणि सर्व बाजूंनी सारखी तापविली, तर ती एकसारखी वाढते व तिच्यात ताण निर्माण होत नाही. अडचण येते ती घाई झाल्यावर. जाड पेल्यात उकळते पाणी ओतले की आतला पृष्ठभाग क्षणार्धात तापतो आणि वाढू पाहतो. बाहेरचा थर मात्र अद्याप थंडच असतो. आतला थर बाहेरच्याला रेटतो, बाहेरचा थर ताणला जातो आणि त्याची सहनशक्ती संपताच तेथून तडा सुरू होतो.

तापलेली वस्तू अचानक थंड केली तर याच्या उलट घडते. पृष्ठभाग निवून आकसू पाहतो, परंतु आतला गरम गाभा त्याला आकसू देत नाही. म्हणून ताण पृष्ठभागावरच येतो. हा प्रकार अधिक घातक ठरतो आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काच किंवा चिनी माती दाबली असता मोठा भार सहन करते. ओढली असता मात्र त्याच्या कितीतरी कमी जोराने ती तुटते. शिवाय वापरातील प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे व सूक्ष्म भेगा असतात. निवताना येणारा ताण नेमका याच दुबळ्या जागी येऊन पडतो. भेगेच्या टोकाशी तो अनेक पटींनी एकवटतो आणि भेग धावू लागते. काचेची प्रत्यक्षातील ताकद तिच्या अणूंमधील बंधांवरून काढलेल्या ताकदीपेक्षा इतकी कमी का भरते, याचा उलगडा ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात केला. त्याचे मूळ या सूक्ष्म भेगांतच आहे, असे त्याने दाखवून दिले.

येथे कोणी विचारील की, पोलाद तर काचेहूनही अधिक प्रसरण पावते, मग लोहाराच्या हातातील लालभडक कोयता पाण्यात बुडविला तर त्याचे तुकडे का होत नाहीत? शंका रास्त आहे. एक मीटर लांबीची कांब १०० अंश सेल्सिअसने तापविली, तर पोलाद सुमारे १.२ मिलिमीटर वाढते आणि साधी काच सुमारे ०.९ मिलिमीटर. तरीही पोलाद तगते, याची कारणे दोन. पहिले असे की, धातूमधून उष्णता झपाट्याने पसरते, त्यामुळे आतल्या व बाहेरच्या थरांतील तफावत फार काळ टिकत नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे, ताण असह्य झाला की धातू किंचित वाकतो, ताणला जातो आणि स्वतःला सावरून घेतो. मृत्तिका-पदार्थांना हे जमत नाही. त्यांच्या अणूंची बांधणी इतकी ताठर असते की वाकण्यापूर्वीच ते मोडतात. हा ताठरपणाच त्यांना कठीण, गंजरहित व उच्च तापमानाला टिकणारे बनवितो आणि तोच त्यांना ठिसूळही करतो. गुण आणि दोष एकाच मुळातून उगवलेले आहेत.

कंदिलाच्या काचेने शिकविलेला धडा

या समस्येवरचे पहिले मोठे यश काचेच्या क्षेत्रात मिळाले. १८८४ साली जर्मनीतील येना येथे ओट्टो शॉट या रसायनतज्ज्ञाने अर्न्स्ट ॲबे आणि कार्ल त्साइस यांच्या सहकार्याने काचेची प्रयोगशाळा स्थापन केली. साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून बनते. शॉट याने काचेच्या मिश्रणात निरनिराळी द्रव्ये घालून त्यांचे परिणाम पद्धतशीरपणे तपासले. बोरॉनच्या संयुगाचा अंश घातलेली काच तापविल्यावर फारच थोडी वाढते, असे या प्रयोगांत आढळले. हीच ‘बोरोसिलिकेट’ काच होय. गॅसच्या दिव्यांच्या तापणाऱ्या चिमण्यांसाठी आणि प्रयोगशाळेतील उपकरणांसाठी तिचा वापर लवकरच सुरू झाला.

अमेरिकेत अशा काचेची निकड रेल्वेला भासली. सिग्नलचे तापलेले कंदील पावसाने व हिमाने तडकत आणि सिग्नल विझला की गाड्यांना धोका निर्माण होई. कॉर्निंग येथील काच कारखान्याने यासाठी अल्प प्रसरण पावणारी काच तयार केली. त्या कारखान्यातील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांनी १९१३ च्या सुमारास अशाच काचेच्या कापलेल्या बरणीत केक भाजून पाहिला. बरणी तडकली नाही आणि केकही चांगला भाजला गेला. त्यातूनच १९१५ साली ‘पायरेक्स’ या नावाची स्वयंपाकाची काचभांडी बाजारात आली. रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी झालेले संशोधन अशा रीतीने एका गृहिणीच्या प्रयोगामुळे स्वयंपाकघरात पोहोचले.

आकड्यांत पाहिले तर फरक चटकन लक्षात येतो. एक मीटर लांबीची कांब १०० अंशांनी तापविली असता साधी काच ०.९ मिलिमीटर वाढते, तर बोरोसिलिकेट काच केवळ सुमारे ०.३३ मिलिमीटर. निव्वळ वाळूचे शुद्ध सिलिका वितळवून केलेली काच तर मिलिमीटरचा विसावा भाग एवढीच वाढते. त्यामुळे लाल होईपर्यंत तापविलेली शुद्ध सिलिकेची नळी थंड पाण्यात बुडविली तरी ती सहसा फुटत नाही. जेथे प्रसरणच नाही, तेथे थराथरांत ओढाताण होणार कोठून?

या मार्गावरचा पुढचा टप्पा अपघाताने गाठला गेला. १९५३ साली कॉर्निंग येथील संशोधक डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा एक नमुना ६०० अंशांवर तापविण्यासाठी भट्टीत ठेवला होता. नियंत्रकात बिघाड होऊन भट्टी ९०० अंशांपर्यंत चढली. काच वितळून भट्टीची नासाडी झाली असेल, अशी भीती होती. प्रत्यक्षात आत एक पांढरी, अपारदर्शक तबकडी मिळाली. ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली, तरीही फुटली नाही. काचेमध्ये असंख्य बारीक स्फटिक तयार होऊन हा नवा पदार्थ बनला होता. त्याला ‘काच-सिरॅमिक’ म्हणतात. पुढे लिथियमयुक्त मिश्रणातून असे काच-सिरॅमिक बनविण्यात आले की, ज्याचे प्रसरण जवळजवळ शून्य असते. आज अनेक घरांत दिसणाऱ्या विजेच्या इंडक्शन शेगडीवरील काळी, गुळगुळीत फरशी बहुधा याच जातीची असते.

सहनशक्ती कशावर ठरते?

एखादा मृत्तिका-पदार्थ औष्णिक आघात किती सोसेल, हे मुख्यतः चार गुणधर्मांवर ठरते. त्याची ताण सोसण्याची ताकद अधिक असावी आणि त्यातून उष्णता वेगाने पसरावी, हे दोन गुण उपकारक होत. त्याचे प्रसरण अधिक असणे आणि त्याचा ताठरपणा अधिक असणे, हे दोन गुण अपायकारक होत. अमेरिकन शास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. किंगरी यांनी १९५५ साली या गुणधर्मांचा परस्परसंबंध गणिताच्या सूत्रांत मांडला. त्यामुळे कोणत्या कामासाठी कोणता पदार्थ निवडावा, हे केवळ अनुभवावर न सोडता हिशेबाने ठरविणे शक्य झाले.

या सूत्रांचा पडताळा साध्या चाचणीने घेता येतो. पदार्थाचे अनेक नमुने वेगवेगळ्या तापमानांपर्यंत तापवून एकदम पाण्यात टाकतात आणि मग प्रत्येकाची ताकद मोजतात. ठराविक तफावतीपर्यंत ताकद कायम राहते, ती मर्यादा ओलांडताच एकदम ढासळते. ॲल्युमिना या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औद्योगिक सिरॅमिकची ही मर्यादा सर्वसाधारणपणे २०० अंशांच्या आसपास येते. सिलिकॉन नायट्राइड ताकदीने अधिक आणि प्रसरणाने कमी असल्यामुळे सुमारे ६०० अंशांपर्यंतचा आघात पेलू शकते.

पदार्थाच्या गुणांइतकेच परिस्थितीलाही महत्त्व असते. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेते. म्हणून शेगडीवरून उतरविलेले भांडे हवेत निवले तर सुखरूप राहते, परंतु पाण्याच्या शिंतोड्याने तडकते. जाडीचाही प्रभाव मोठा असतो. जाड वस्तू मजबूत वाटते, तथापि तिच्यातील थरांत तापमानाची तफावत अधिक पडते. म्हणूनच प्रयोगशाळेतील परीक्षानळी पातळ काचेची असते. कोपरे आणि कडा हीदेखील ताण एकवटण्याची ठिकाणे होत. तापवावयाच्या बहुतेक पात्रांचा तळ गोलाकार असतो तो याच कारणाने. कुंभाराच्या मडक्याचा गोल बुडही या शहाणपणाची साक्ष देतो.

दोन वाटा : तडा टाळणे आणि तडा थोपविणे

आता खापराच्या कोड्याकडे वळता येईल. वर सांगितलेल्या सूत्रानुसार पाहिले तर खापराची ताकद बेताची आणि उष्णतेचे वहनही मंद. मग ते टिकते कसे? याचे उत्तर असे की, औष्णिक आघाताला तोंड देण्याच्या वाटा दोन आहेत. पहिली वाट म्हणजे तडा पडूच न देणे. बोरोसिलिकेट काच, सिलिकॉन नायट्राइड व उत्तम पोर्सलीन ही या वाटेने जातात. मात्र त्यांच्या सहनशक्तीची मर्यादा ओलांडली गेली की तडा सुसाट धावतो आणि वस्तूचे तुकडे होतात. दुसरी वाट म्हणजे लहानसहान तडे पडणारच असे गृहीत धरून ते पुढे वाढू न देणे. अमेरिकेतील डी. पी. एच. हॅसलमन यांनी १९६९ साली या दोन्ही वाटांचा एकत्रित सिद्धांत मांडला. दाट व मजबूत पदार्थात पुष्कळ ऊर्जा साठते आणि तडा सुरू झाला की ती एकदम मोकळी होते. सच्छिद्र, भरड पदार्थात ऊर्जा थोडीच साठते. तेथे अगोदरच असंख्य सूक्ष्म भेगा असतात. प्रत्येक भेग थोडीशी सरकते, एखाद्या छिद्राशी किंवा वाळूच्या कणाशी अडते आणि थांबते.

महाराष्ट्रातील कुंभार मातीत राख, वाळू आणि घोड्याची लीद मिसळतात. भाजताना लिदीतील काड्या जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. वाळूचे कण तड्याच्या वाटेत आडवे येतात. अशा खापराला चुलीवर सूक्ष्म भेगा पडतात, परंतु त्यांपैकी कोणतीही एक भेग आरपार धावत नाही. हॅसलमन यांनी सूत्रबद्ध केलेले तत्त्व कुंभारांच्या हातांना अनेक पिढ्यांपासून अवगत होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. भट्ट्यांच्या अस्तरासाठी वापरल्या जाणाऱ्या उच्चतापसह विटाही याच तत्त्वावर बनविल्या जातात. त्यांत भरड कण व काही प्रमाणात छिद्रे जाणीवपूर्वक ठेवली जातात. अतिशय घट्ट, गुळगुळीत वीट दिसायला उत्तम असली तरी अशा भट्टीत ती आधी तडकण्याचा संभव असतो.

झिलईचे सामर्थ्य

पृष्ठभागावर ताण आला की तडा सुरू होतो, हे एकदा लक्षात आले म्हणजे एक नामी युक्ती सुचते. पृष्ठभाग आधीच दाबाखाली ठेवला तर? मग बाहेरून येणारा ताण प्रथम तो दाब नाहीसा करण्यात खर्ची पडेल आणि पृष्ठभाग सुरक्षित राहील. चिनी मातीच्या वस्तूंवरील झिलईकडून हे काम करून घेता येते. झिलईचे प्रसरण आतल्या मातीपेक्षा किंचित कमी ठेवले, तर भट्टीतून बाहेर पडून निवताना माती अधिक आकसते आणि झिलईला सर्व बाजूंनी आवळून धरते. हे प्रमाण उलटे झाले तर झिलईच ताणली जाते. जुन्या कपबशांवर केसासारख्या बारीक रेघांचे जे जाळे दिसते, ते बहुधा या विसंगतीचे फळ असते.

विजेच्या खांबांवरील पोर्सलीनच्या विसंवाहकांना या झिलईचा मोठा आधार असतो. भर उन्हात तापलेल्या विसंवाहकावर वळवाच्या पावसाची सर कोसळते, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. म्हणूनच कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी विसंवाहकांचे नमुने गरम व थंड पाण्यात आलटून पालटून बुडवून तपासण्याची प्रमाणित पद्धत आहे.

कठीण केलेली काच, म्हणजे ‘टफन्ड ग्लास’, हीसुद्धा याच युक्तीने बनते. साधी काच ६०० अंशांहून अधिक तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो आणि पृष्ठभागाला दाबाखाली ठेवतो. अशी काच सुमारे २०० अंशांची तफावत सोसू शकते. मात्र खोल ओरखडा दाबाचा थर भेदून आत गेला, तर संपूर्ण काच एकाच वेळी बारीक तुकड्यांत फुटते. बाजारातील स्वयंपाकाची काचभांडी काही बोरोसिलिकेटची, तर काही कठीण केलेल्या साध्या काचेची असतात. दोहोंचे रूप सारखे असले तरी स्वभाव सारखा नसतो. खरेदी करताना भांड्यावरील सूचना वाचणे हिताचे ठरते.

पोलाद, मोटार आणि अंतराळयान

आधुनिक उद्योगांत औष्णिक आघाताचे स्वरूप अधिक उग्र असते. पोलादाच्या अखंड ओतकामात सुमारे १,५५० अंश तापमानाचा रस एका नळीतून साच्यात सोडला जातो. ही नळी पहिल्याच क्षणी तडकली तर कामगारांच्या जिवाला धोका निर्माण होतो. म्हणून ती ॲल्युमिना आणि ग्रॅफाइट यांच्या मिश्रणातून घडवितात. ग्रॅफाइट उष्णता वेगाने पसरविते आणि तड्यांनाही अडविते. शिवाय रस सोडण्यापूर्वी नळी आधी तापवून घेतली जाते. दगडी कोळशापासून कोक बनविणाऱ्या भट्ट्यांतील सिलिकेच्या विटांचा स्वभाव तर विलक्षण आहे. सुमारे ६०० अंशांच्या वर त्या तापबदल उत्तम सोसतात. त्याखाली मात्र त्यांच्यातील स्फटिकांची रचना बदलते, आकारमान अचानक कमीजास्त होते आणि विटा फुटतात. म्हणून अशी भट्टी पेटविताना अतिशय सावकाश तापविली जाते आणि एकदा पेटली की अनेक वर्षे ती निवू देत नाहीत.

मोटारींच्या धुरातील विषारी वायूंचे प्रमाण कमी करणाऱ्या उत्प्रेरक परिवर्तकाचा गाभा हेही औष्णिक आघातावर मिळविलेल्या विजयाचे उदाहरण होय. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींना असा परिवर्तक सक्तीचा करण्यात आला. त्याचा गाभा मधाच्या पोळ्यासारखा असून एका चौरस इंचात साधारणपणे ४०० छिद्रे असतात. थंड इंजिन सुरू होताच काही क्षणांत त्यातून शेकडो अंश तापलेला वायू वाहू लागतो. हा मारा सोसण्यासाठी तो बहुधा कॉर्डिएराइट या अत्यल्प प्रसरण पावणाऱ्या सिरॅमिकचा बनवितात. १९७० नंतरच्या काही वर्षांत हे तंत्र विकसित झाले.

अमेरिकेच्या अंतराळ शटलांनी १९८१ ते २०११ या काळात उड्डाणे केली. परतताना वातावरणाच्या घर्षणाने तापणाऱ्या या यानांच्या अंगावर हजारो सिरॅमिक फरशा बसविलेल्या होत्या. त्यांतील काळ्या फरशा सुमारे १,२६० अंशांपर्यंतचे तापमान सहन करीत. शुद्ध सिलिकेच्या तंतूंपासून बनविलेल्या या फरशांत सुमारे नव्वद टक्के पोकळीच असे. उष्णता त्यातून इतकी सावकाश वाहे की आतून लाल झालेली फरशी कडेला धरून उघड्या हाताने उचलता येई. उष्णता मंद वाहत असूनही ती तडकत नसे, कारण सिलिकेचे प्रसरणच नगण्य होते. मात्र यानाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा फरशीपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो. म्हणून फरशा लहान लहान ठेवून त्यांच्यामध्ये फटी सोडल्या होत्या आणि फरशी व सांगाडा यांच्यामध्ये फेल्टचा मऊ थर बसविला होता.

उष्णता सोसणारा प्रत्येक पदार्थ सर्वच आघात सोसेल असे मात्र नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी बाह्य टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढील कडेवर आदळला होता आणि तेथील कार्बनच्या उच्चतापसह कवचाला भोक पडले होते. त्या वाटेने तप्त वायू आत शिरला. तापमान पेलण्यास समर्थ असलेले कवच धक्क्याने भंगले होते. ठिसूळ पदार्थांचा वापर करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा स्मरणात ठेवला पाहिजे.

शाळेत आणि गावात

मृत्तिका-पदार्थांच्या संशोधनाला आपल्या देशातही मोठी परंपरा लाभली आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कोलकाता येथे केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचे उद्‌घाटन झाले. परंतु या शास्त्राचा लाभ घेण्यासाठी प्रत्येक ठिकाणी मोठी प्रयोगशाळाच असावयास हवी असे नाही. त्याची तत्त्वे समजली तर रोजच्या कामात काही साधे नियम पाळता येतात.

विज्ञान शिक्षकांनी तापविण्यासाठी केवळ बोरोसिलिकेट काचेची पात्रे वापरावीत. साध्या काचेच्या बाटल्या वा पेले ज्योतीवर ठेवू देऊ नयेत. तापविण्यापूर्वी पात्राची बाहेरची बाजू कोरडी पुसून घ्यावी, चंचुपात्राखाली तारेची जाळी ठेवावी आणि ज्योत हळूहळू वाढवावी. तापलेले पात्र ओल्या फरशीवर किंवा ओट्यावर न ठेवता लाकडी फळीवर अथवा जाळीवर ठेवावे. पोर्सलीनची मूस प्रथम मंद आचेवर आणि नंतर प्रखर ज्योतीवर तापवावी. ज्या पात्रावर ओरखडा किंवा टवका दिसेल ते तापविण्याच्या कामातून बाद करावे. मोडतोडीच्या नोंदवहीत एक पात्र कमी होईल, पण एखाद्या विद्यार्थ्याचा डोळा वाचेल.

वीटभट्टीच्या बाबतीत भाजण्याइतकेच निवविणे महत्त्वाचे असते. विटेच्या मातीतील वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ असते आणि ५७३ अंशांच्या सुमारास ते निवताना एकदम आकसते. विटा लवकर बाहेर काढण्याच्या घाईने भट्टी उघडली आणि गार वारा आत शिरला, तर चांगल्या भाजलेल्या विटांनाही आतून तडे जातात. असे तडे वरून दिसत नाहीत. शाळेची खोली वा ग्रामपंचायतीचे कार्यालय बांधताना विटांचा माल घेण्यापूर्वी दोन विटा एकमेकींवर आपटून पाहण्याची जुनी रीत म्हणूनच उपयुक्त आहे. अखंड वीट खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द आवाज करते.

सुधारित चुलीचे अस्तरही याच नियमांना बांधलेले असते. नुसत्या चिकणमातीचे अस्तर वाळताना आणि तापताना फाटते. मातीत वाळू, भुसा किंवा लीद मिसळल्यास ते अधिक काळ टिकते. चूल बांधल्यावर ती सावलीत पुरती वाळू द्यावी, पहिले काही दिवस मंद जाळ करावा आणि पेटत्या चुलीवर पाणी मारून ती विझवू नये. अस्तराला तडे गेले की धूर धुराड्याऐवजी घरात शिरतो आणि चुलीचा मूळ हेतूच विफल होतो. ज्या घरातील स्त्रिया व मुले दिवसाचे कित्येक तास त्या धुरात काढतात, त्यांच्या दृष्टीने अस्तरातील मूठभर भुश्याचे मोल मोठे आहे.

गावोगावचे कुंभार या ज्ञानाचे जुने वारस होत. कोणत्या मातीत किती राख, किती वाळू आणि किती लीद घालावी, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. शाळेने एखाद्या दिवशी विद्यार्थ्यांना कुंभारवाड्यात नेले आणि चुलीवर चढावयाच्या मडक्याची माती पाण्याच्या माठाच्या मातीहून वेगळी का कालवतात, एवढे विचारावयास सांगितले, तर प्रसरण, ताण आणि तडा यांचा संपूर्ण पाठ तेथेच त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहील.